नंदेश्वर सरांचा प्रोपेन

सौंदडमध्ये कुणाच्या घरचा गॅस संपत आला की भोजराज नंदेश्वरला बोलावणं यायचं. घरची बाई सिलेंडर फरफटत अंगणात आणायची. तो तांब्याभर कढत पाणी मागायचा, सिलेंडरच्या अंगावरून धार सोडायचा आणि तळहात वरून खाली हळूहळू फिरवत न्यायचा. जिथवर पत्रा गरम तिथवर आत नुसती वाफ. जिथे हाताला एकदम गार लागलं, तिथून खाली पातळ गॅस. त्या जागी खडूने रेघ ओढून तो सांगायचा, "आठ दिवस जाते. पाहुने आले तं सहा."

आणि आठच दिवस जायचा. म्हणून गावात तो गॅसवाले सर.

"एमएस्सी केलं पोट्ट्यानं," त्याची आई कलाबाई शेजारच्या धुरपताला ऐकवायची. "मी धुऱ्याधुऱ्यानं गवत कापून शिकवलं त्याले. आन् आता लोकाइच्या सिलेंडरवर पानी टाकून राहिला."

"टाकू दे ना मावशी," धुरपता म्हणायची. "एजन्सीवाला तं तेवढंबी सांगत नाई."

भोजराजचं खरं काम त्या रेघेचंच होतं, फक्त सिलेंडरशिवाय. नव्याण्णव साली तो नागपूरहून रसायनशास्त्रात एमएस्सी झाला आणि गोंदियाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला. सकाळच्या गाडीने जायचं, तास घ्यायचे, तासांपुरतं मानधन, आणि उन्हाळा लागला की घरी. पर्मनंट जागा निघाली तर डॉक्टरेटवाल्याला मिळणार, हे प्राचार्यांनी त्याला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. म्हणून त्याने नागपूरच्या भुसारी सरांकडे नाव नोंदवलं. विषय ठरला तो असा: मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन हे साधे वायू कोणत्या तापमानाला किती पातळ राहतात आणि किती वाफ होतात, ते कम्प्युटरच्या आत बनवून पाहायचं. भट्टी नको, काचेची नळी नको, दाब मोजायचं घड्याळ नको.

"तुमच्यासारख्याला बरा विषय आहे," भुसारी सर म्हणाले होते. "लॅब लागत नाही. फक्त लाइन लागते."

लाइन म्हणजे वीज. सरांच्या नागपूरच्या खोलीत ती कधी जात नसे, त्यामुळे त्यांनी ते सहज म्हटलं.

गावातल्यांना वाटायचं, सर नोकरीसाठी मरमर करतात. नोकरी तर हवीच होती. पण भोजराजच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितली असती तर हसले असते. त्याच्या बापाने जन्मभर रेल्वेच्या गँगमध्ये रुळाखाली गिट्टी ठोकली. तेवढ्या सगळ्या मेहनतीवर कुठे त्याचं नाव नव्हतं. भोजराजला आपल्या नावाचा एक आकडा हवा होता. लहानसा चालेल, पण खरा. जगात कुणीही, कुठेही पुन्हा काढून पाहिला तरी तोच निघेल असा.

दोन हजार दोनमध्ये दोन गोष्टी घरात आल्या: जुना जोडून घेतलेला कम्प्युटर आणि सालेकसाकडची रंजिता. लग्नाला महिनाही झाला नव्हता. ती दारात उभी राहून काळ्या पडद्यावर सरसर उतरणारे आकडे बघत होती.

"अजी, हे काय होऊन राहिलं?"

"गॅस बनून राहिला."

"वास तं येत नाई."

तो हसला. तिला स्टूल ओढून दिलं. "दोन खोल्या समज. एका खोलीत बाजारासारखी गर्दी, दुसरीत दोनचार मानसं. मधात दार नाई. पन एखादं मानूस इकडून गायब होऊन तिकडे निंगू शकते. कोन जाईल, त्याले तिकडे जागा भेटंल का नाई, हे फाशावर. खोल्यापन फाशावरच लहानमोठ्या होतेत. लाखो वेळा फासा टाकला का मंग दोन्हीकडची गर्दी ठरून जाते. गर्दीची खोली म्हनजे पातळ गॅस, मोकळी म्हनजे वाफ."

"आन् फासा कोन टाकते?"

"हाच टाकते. पन सुरुवातीले त्याले एक आकडा द्या लागते. त्या आकड्यापासून थो पुढचे सगळे फासे काढते. सांग बरं एक. विषम पायजे."

रंजिताने जरा विचार करून आपल्या दहावीच्या सीट नंबरचे शेवटचे आकडे सांगितले. "चार तीन आठ सात."

"पास झालती ना?"

"सेकंड क्लासनं," ती ठसक्यात म्हणाली. "तुमच्या गॅसले पुरते तेवढं."

त्याने चार तीन आठ सात लिहिलं.

मग लोडशेडिंग आलं. आधी दोन तास, मग चार, मग गावाकडे सकाळ-दुपार मिळून कधी आठ तर कधी दहा तास. एका तापमानाचा हिशेब जमायला मशीन दहा-बारा दिवस सलग चालावं लागायचं, आणि सौंदडमध्ये सलग चालणारी गोष्ट म्हणजे फक्त मालगाडी. चार तासांनी लाइन जायची, आणि दोन खोल्यांमधली सगळी माणसं मरून जायची. लाइन आली की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळा असाच गेला.

लाइनमन कुंजीलाल बिसेन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. सायकल भिंतीला लावून तो विचारायचा, "काय गा भोजू, झालं का तुह्या गॅसचं पानी?"

"तू होऊ देशील तवा ना. दहा दिवस लाइन सोड, मंग पाय."

"दहा दिवस? मुख्यमंत्र्याच्या गावालेबी नाई भेटत. तू काऊन थेच काम धरलं बे, जेले लाइन लागते? कोंबड्या पाल ना. कोंबडीले लोडशेडिंग नाई."

भुसारी सरांचा प्रोग्राम नागपूरसाठी लिहिलेला होता. मध्येच बंद पडला तर काय, याचा त्यात विचारच नव्हता, कारण तो बंद पडतच नसे. भोजराजने तीन आठवडे बसून त्यात स्वतःचा तुकडा जोडला. दर पाच मिनिटांनी प्रत्येक कणाची जागा आणि दोन्ही खोल्यांचा आकार एका फाईलमध्ये उतरवायचा. लाइन गेली तर जाऊ दे. आली की फाईल उघडायची, सगळ्यांना जिथल्या तिथे उभं करायचं आणि पुढे चालू. पहिल्यांदा तो तुकडा नीट चालला, तेव्हा त्याने अंगणात जाऊन दोन वेळा उगाच शिट्टी वाजवली. भुसारी सर फोनवर म्हणाले, "हे नागपूरच्या पोरांना सुचलं नसतं, नंदेश्वर. गरजच नाही पडली त्यांना."

तो कॉलेजात असताना लाइन आली तर? ते काम रंजिताचं झालं. बटण दाबायचं, पडदा उजळेपर्यंत थांबायचं, तीन अक्षरं टाइप करायची, मग मोठं बटण. मोबाइल आल्यावर त्यांनी खूण ठरवली. एक मिस कॉल म्हणजे लाइन गेली. दोन म्हणजे आली आणि मी चालू केलं. वर्गात ब्युटेनची रचना काढता काढता त्याच्या खिशात घंटी वाजायची, एकदा, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सर, गई क्या?" दुसऱ्यांदा वाजली की सगळा वर्ग एकसुरात: "आ गई!"

त्याला ते आवडायचं.

रंजिता एकदा पोटुशी असताना माहेरी गेली, तर पंधरा दिवसांनीच परत आली. कलाबाईने कपाळाला हात लावला. "कायले आली वं इतक्या लवकर? मायच्या हातचं नाई गेलं का?"

"तुमी बटन दाबता का?" रंजिता म्हणाली.

"मी हात नाई लावत त्याले. भुंकते थे."

"मंग."

मुलगी झाली तेव्हाही पाचवीच्या दिवशी रंजिताने बाजेवरूनच विचारलं, लाइन आली का, चालू केलं का. सात वर्षं. दिवसातून दोनदा, तीनदा. तिने कधी हिशेब केला नाही, पण भोजराजने नंतर केला होता. चार हजारांच्या वर वेळा.

आणि काम झालं. आलेख असे सुरेख निघाले की भुसारी सरांनी चष्मा काढून पाहिले. वेगवेगळ्या दिवशी काढलेले ठिपके एकमेकांच्या इतके जवळ पडत की चुकीची शक्यता दाखवणारी उभी काडी काढायला जागाच उरत नसे. शिवाय पातळ प्रोपेनच्या घनतेचा आकडा पुस्तकातल्या, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याला जाऊन भिडत होता. दोन हजार सातमध्ये सरांनी त्याचा लेख करून एका नियतकालिकात पाठवला. छापून आला. आधी भुसारी, मग बी. नंदेश्वर. रंजिताने त्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून आणली आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवली. कलाबाईला वाचता येत नव्हतं. तिने नावावर बोट ठेवून विचारलं, "हेच का?" आणि मग तेच बोट कपाळाला लावलं.

आता प्रबंध टाइप करायचा, बांधायचा आणि द्यायचा एवढंच उरलं होतं. भुसारी सर जून दोन हजार नऊमध्ये निवृत्त होणार होते. भोजराजची नोंदणीही दोनदा वाढवून घेतलेली, ती त्याच महिन्यात संपत होती. कॉलेजात जागेची जाहिरात निघाली होती. प्राचार्य दारातूनच म्हणत, "नंदेश्वर, जून मतलब जून."

एप्रिलात निवडणूक आली. कुंजीलाल सायकल न टेकवताच ओरडला, "खुश हो जा बे भोजू! इलेक्शन होतपर्यंत लाइन कापायची नाई म्हनते. तुह्या गॅसले मत देऊन टाक."

सगळं गाव खूश झालं. भरदुपारी पंखे फिरत होते. भोजराजने ठरवलं, एवीतेवी लाइन आहे तर प्रोपेनचं एकोणचाळीस अंशांचं काम एकदा सलग करून घ्यावं, प्रबंधात एक ओळ वाढेल. त्याने मशीन चालू केलं आणि पहिल्यांदाच तसंच सोडून दिलं.

पहिले चार तास आकडे नेहमीचे होते. दुसऱ्या दिवशी जरा हलले. चौथ्या दिवशी गर्दीची खोली विरळ व्हायला लागली. सहाव्या दिवशी तर अशी विरळ झाली की त्याला वाटलं, उन्हाने मशीन बिघडलं. त्याने ओला टॉवेल खिडकीला लावला. टेबलफॅन कम्प्युटरच्या डब्यामागे ठेवला. नव्या फाईलपासून परत सुरू केलं. पुन्हा तेच. सलग चालू दिलं की आकडा घसरायचा. मग त्याने मुद्दाम दर चार तासांनी मशीन बंद करून चालू केलं, आणि आकडा गुमान आपल्या जुन्या जागी येऊन बसला, पुस्तकातल्या आकड्याच्या मांडीला मांडी लावून.

असं का होतंय, ते त्याला कळेना.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने आपल्याच प्रोग्रामचे कागद जमिनीवर मांडले आणि परक्याचे असल्यासारखे ओळीओळीने वाचले. जागा जपल्या होत्या. खोल्यांचे आकार जपले होते. फासा कुठवर आला होता, ते जपलं नव्हतं. लाइन गेली की फाशाला आपण कुठे होतो याचा विसर पडत होता, आणि लाइन आली की तो पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू होत होता. चार तीन आठ सात. पुन्हा चार तीन आठ सात. तेच दान, त्याच क्रमाने, सकाळी, दुपारी, सात वर्षं. कण बदलत होते, त्यांना हाकणारा हात तोच होता आणि त्याच त्याच वळणाने हाकत होता. म्हणून ठिपके इतके जवळ पडत होते.

नागपुरात ही चूक झालीच नसती. तिथे फासा एकदा सुरू झाला की संपेपर्यंत चालायचा.

रंजिता धान निवडत बसली होती. तो येऊन ओट्यावर बसला.

"काय झालं जी?"

"चुकलं."

"कोनतं?"

"सगळं."

तिने सूप खाली ठेवलं. "मी चुकीचं बटन दाबलं का?"

भोजराज हे पुढे कुणाला सांगू शकला नाही, पण एक क्षण त्याला 'हो' म्हणावंसं वाटलं. तसं म्हटलं असतं तर रंजिताने रडून घेतलं असतं, त्याने तिला माफ केलं असतं, आणि घरात निदान एक माणूस तरी बरोबर राहिला असता.

"नाई," तो म्हणाला. "तू बराबर दाबलं. दर वेळेस बराबर दाबलं. मीच लिहिलेलं चुकलं." आणि त्याने सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माह्या आकड्यानं झालं हे? चार तीन आठ सात?"

"नाई वं. कोनताबी आकडा चालला असता. दर वेळेस त्याच्यापासूनच सुरू झालं, थे चुकलं."

"म्हनजे मी दर वेळेस बटन दाबलं का थो मांगं जाये?"

भोजराजने मान हलवली. ते अगदी बरोबर होतं.

"सात वर्सातलं खरं किती मंग?"

"पयले चार तास," तो म्हणाला. "त्याच्यानंतर नवा फासा पडलाच नाई."

रंजिताने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. दोन-तीन दाणे निवडले. मग तसंच सूप घेऊन ती आत गेली. कलाबाई अंगणातून ओरडत होती, "काय झालं वं? कोनी मेलं का?"

भुसारी सरांनी मात्र शांतपणे ऐकलं. त्यांच्या खोलीतली पुस्तकं अर्धी खोक्यांत भरून झाली होती.

"किती दिवस लागतील परत करायला?"

"सगळं करायचं तं दोन-तीन वर्षं. लाइन राहिली तर."

"आणि जून कधी आहे?" सर स्वतःशीच हसले. "नंदेश्वर, पुस्तकातल्या आकड्याशी जुळतंय की नाही?"

"चुकीचं आहे म्हणून जुळतंय सर."

"जुळतंय ना पण. परीक्षक काय बघणार? आलेख बघणार. तुमच्या घरची लाइन कधी गेली, हे बघायला सौंदडला येणार आहे का तो?" ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, आणि छापलेल्या लेखावर पहिलं नाव त्यांचं होतं. त्यांनी काळ्या बांधणीच्या चारही प्रतींवर सही केली आणि ढीग त्याच्याकडे सरकवला. "मी माझं केलं. पुढचं तुम्ही ठरवा."

तो विद्यापीठात गेला. रांगेत उभा राहिला. खिडकीशी त्याचा नंबर आल्यावर कारकुनाने प्रत्येक प्रतीचं दुसरं पान उघडून समोर ठेवलं. या प्रबंधातील निष्कर्ष माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत, खाली टिंबटिंब, उमेदवाराची सही. भोजराजने पेनचं टोपण काढलं. सही करायची नाही असं काही तो घरून ठरवून आला नव्हता. उलट गाडीत बसून त्याने स्वतःला सतरा वेळा पटवलं होतं, की कर, घरात म्हातारी आहे, मुलगी आहे, कर. पेन कागदाला टेकलं. एक ठिपका उमटला.

"करा ना भाऊ," कारकून म्हणाला. "लंच होऊन राहिला."

"माह्या माहितीप्रमाणे नाहीत," भोजराज म्हणाला.

"काय नाहीत?"

त्याने चारही प्रती पिशवीत घातल्या.

कलाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती अशी, की न बोललेलं बरं होतं. "सही करता येत नाई म्हनून तुह्या बापानं जिंदगीभर अंगठा देल्ला. तुले येत होती. तुनं नाई केली."

जुलैत कॉलेजातली जागा भरली. आलेला माणूस सभ्य होता. त्याने भोजराजला विचारलं, रसायनांच्या कपाटाची किल्ली कोणती. पुढच्या वर्षी तासही गेले. भोजराज सडक अर्जुनीला अकरावी-बारावीच्या शिकवणीवर लागला, सकाळी दोन बॅच, संध्याकाळी दोन.

पण त्याने एक काम केलं. फासा जपणाऱ्या सात ओळी प्रोग्राममध्ये घातल्या. फक्त सात ओळी होत्या त्या. आणि फक्त प्रोपेन, फक्त एकोणचाळीस अंश, एवढंच पुन्हा लावलं. पदवी नाही, नोकरी नाही, निदान तो एक आकडा.

"लाइन आली का चालू करशील ना?" त्याने विचारलं.

"मी नाई दाबत आता," रंजिता म्हणाली. रागाने नाही. "मले नका सांगू जी. माहा हात नाई जात."

मग शिकवणीवरून आल्यावर तो स्वतः चालू करायचा. लाइन दुपारी आलेली असायची आणि तो घरी पोचेपर्यंत पुन्हा जायची वेळ झालेली असायची. दहा-बारा दिवसांचं काम चौदा महिने चाललं. मशीनचा पंखा दोनदा बदलला. आणि दोन हजार अकराच्या शेवटी आकडा ठरला, हलायचा थांबला.

पुस्तकातल्या आकड्यापासून तो बराच खाली होता.

महिनाभर त्याने स्वतःची चूक शोधली. सापडली नाही, कारण या वेळी ती नव्हती. कण एकमेकांना किती ओढतात, हे सांगणारे आकडे त्याने जुन्या पुस्तकातून घेतले होते, ते मुळात ढोबळ होते. म्हणजे त्या ढोबळ आकड्यांचं प्रामाणिक उत्तर हेच होतं, थोडं चुकलेलं. आधी फाशाची चूक त्या ढोबळपणावर अशी बेमालूम बसली होती की दोन्ही मिळून बरोबर दिसत होत्या.

तरी त्याने नियतकालिकाला पत्र लिहिलं. आमच्या लेखात चूक आहे, दुरुस्ती छापावी. उत्तर आलं: दुरुस्तीसाठी पहिल्या लेखकाची संमती आवश्यक आहे. त्याने भुसारी सरांच्या घरी फोन केला. मुलाने उचलला.

"बाबांना जानेवारीत पॅरालिसिसचा अटॅक आला. डावी बाजू गेली. बोलता येत नाही नीट."

"एक सही पाहिजे होती."

"कशावर?"

भोजराजने समजावून सांगितलं. मुलाने ऐकलं, आणि मग म्हणाला, "म्हणजे बाबा चुकीचे होते, यावर बाबांची सही पाहिजे तुम्हाला?" थोडं थांबून, "नका हो त्रास देऊ त्यांना आता."

त्याने त्रास दिला नाही.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात, बारावीची बॅच सुटल्यावर, गोंदियाच्या एका सायबर कॅफेत बसून त्याने आपल्या लेखाचं नाव टाकलं. सात जणांनी तो आकडा आपल्या लेखात वापरला होता. कोण कुठले, कुठल्या देशातले. भुसारी आणि नंदेश्वर यांनी दाखवल्याप्रमाणे, असं लिहून पुढे गेले होते. तो ओळी वाचत गेला. एकाने तर त्या आकड्यावर आपलं सगळं सूत्र उभं केलं होतं.

त्याने सातही जणांना पत्रं पाठवली. मोडक्या इंग्रजीत, पण नीट: चूक कशी झाली, विजेचं काय होतं, सात ओळी कोणत्या, नवा आकडा किती. कॅफेवाला म्हणाला, "क्या सर, बाहर जॉब ढूंढ रहे हो?"

सहा जणांचं काही आलं नाही. तीन आठवड्यांनी एकाचं आलं. फार सभ्य माणूस होता. त्याने लिहिलं होतं की आपला प्रामाणिकपणा भावला. परंतु आम्ही दोन्ही आकडे प्रयोगाशी ताडून पाहिले, आणि आपला छापील आकडा नव्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षाच्या बराच जवळ आहे. त्यामुळे आम्ही छापीलच वापरत राहू. आपल्या मूळ कामाबद्दल मनःपूर्वक आभार.

भोजराजने ते तीनदा वाचलं. मग कॅफेवाल्याला प्रिंट काढायला सांगितली, आणि ती निघाल्यावर नको म्हणाला.

घरी आला तेव्हा दिवस अजून बराच वर होता. रंजिता अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. भिंतीवरची झेरॉक्स कधीच काढलेली होती, तिथे आता मुलीच्या शाळेचं वेळापत्रक होतं.

"आलं का उत्तर?"

"आलं."

"काय म्हनते?"

"आभार म्हनते."

"कायचे?"

"चुकीच्या आकड्याचे." तो बाजेवर टेकला. "थोच ठेवतो म्हनते. थोच चांगला हाये म्हनते."

रंजिताने ओंजळीतली फुलं पसरली. "आन् खरा?"

"खरा कोनाले नाई पायजे."

"मंग कोनाले माहीत हाये थो?"

"मले आन् तुले."

ती थांबली. "मले कुठी माहीत हाये," ती म्हणाली. "तुमी सांगतलाच नाई कधी."

भोजराजने तिच्याकडे बघितलं. खरंच, सांगितला नव्हता. चौदा महिने त्याच खोलीत मशीन घुरघुरत होतं, आणि आकडा ठरला त्या दिवशी तो तिच्या समोरून हात धुवायला गेला होता.

"शून्य पॉइंट चार पाच एक आठ," तो म्हणाला.

रंजिताने पदराला हात पुसले. शाळेत उभं राहून सांगावं तसं, जरा मान वर करून तिने म्हणून पाहिलं, "शून्य पॉइंट चार पाच सात आठ."

तिसरा आकडा चुकला होता. भोजराजने दुरुस्त केला नाही.